सात-सतराचे काशीदादा

काशीदादांच्या दुकानात मी पहिल्यांदा शिरले ती भांडायला.

झालं असं, की माझ्या सासूबाई भाईंदरच्या केबिन रोडवर ब्लाउजचं अस्तर आणायला गेल्या आणि परत आल्या त्या तोंड घट्ट मिटून. रात्रीची भांडी आवरताना म्हणाल्या, "गेल्या महिन्यातली संकष्टी तू केलीस ना गं?" मी हो म्हटलं. "मग त्या फोटोवाल्याच्या काचेत वडापाव कोण खातंय?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून उतरले ती थेट तिथेच गेले. अरुंद दुकान, वर 'पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत', आणि दर्शनी काचेत तळहाताएवढे तीस-पस्तीस कृष्णधवल फोटो. एकही नवरा-नवरी नाही, एकही बाळ नाही. सगळे भाईंदर स्टेशनच्या फलाटावरचे. सकाळी कामाला निघालेली माणसं. कोणी पेपराची घडी घालतंय, कोणी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतंय, कोणी नुसतंच रुळांकडे बघतंय. प्रत्येक फोटोखाली शाईने तारीख आणि वेळ. नाव कुणाचंच नाही. तिसऱ्या ओळीत मी होते. खांबाकडे तोंड करून, गाल फुगलेला, हातात वडापाव. तारीख संकष्टीची, वेळ सात-चौदा.

आत एक सडपातळ, काळासावळा माणूस चष्मा कपाळावर चढवून पासपोर्ट फोटो कातरत बसला होता. साठीच्या आसपासचा. पांढरी मिशी, पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं. मी आवाज चढवून विचारलं, "कुणाला विचारून माझा फोटो लावलात?"

ते उठून बाहेर आले, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "त्या दिवशी तुमी दोन गाड्या सोडल्या," म्हणाले. "फोन हातात धरून उभ्या होतात. मंग वाजला, तुमी बोललात, आनी मंग वडापाव घेतलात. म्हटला, काय तरी बरा झाला असंल."

खरं होतं ते. माझ्या बहिणीचं त्या पहाटे ऑपरेशन होतं, आणि ती शुद्धीवर आली हे कळेपर्यंत माझ्याने गाडीत चढवत नव्हतं. उपास मोडला होता तो त्या आनंदात. घरी मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. रोज शेकडो माणसं माझ्या बाजूने जातात आणि त्यातल्या एकाने हे पाहिलं होतं, याचा मला राग यावा की बरं वाटावं, हेच कळेना. तरी फोटो मी काढायला लावला. त्यांनी तो मलाच दिला. "फाडू नका," म्हणाले. "फाडायचाच झाला तं घरी जाऊन फाडा."

मी तो अजून फाडलेला नाही.

काशीदादा मुर्ध्याचे. गावातून रिक्षाने भाईंदर पश्चिमेला यायचे, पूल ओलांडून पूर्वेला, आणि दुकान उघडायच्या आधी पाऊण तास फलाटाच्या जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उभे राहायचे. तिथून फलाटावरचं घड्याळ समोर दिसतं. कॅमेरा जुना, एका बाजूला काळी चिकटपट्टी लावलेला. गळ्यात शर्टाच्या आतून एक लॅमिनेट केलेला कागद लटकायचा, स्टेशनात फोटो काढायच्या परवानगीचा. तो इतक्या वेळा दाखवून झाला होता, की त्याची एक कड मऊ पडली होती. माणसांची नावं त्यांना ठाऊक नसायची, पण वेळेवरून सगळे पाठ. "सहा-बावन्नच्या दाढीवाल्याची बदली झाली." "सात-सतराच्या निळ्या ओढनीला दिवस गेलेत, आता ती जिना हलू चढते." सात-सतराची गाडी त्यांची लाडकी. ती माझीही गाडी होती, म्हणून माझ्याशी त्यांचं जरा जास्त जमलं. संध्याकाळी घरी जाताना मी दुकानात दहा मिनिटं टेकायला लागले. ते चहा मागवायचे आणि स्वतः न पिता माझ्याकडून आतल्या गोष्टी काढून घ्यायचे. दाढीवाल्याच्या जागी आता कोण बसतं, कुणाचं कुणाशी वाजलं.

आमचं एकाच गोष्टीवरून सारखं वाजायचं. मी म्हणायचे, "दादा, विचारून काढा ना फोटो." ते मान हलवायचे. "विचारला का चेहरा बंद होतो, ताई. माजा सगला जन्म गेला बंद चेहऱ्यांचे फोटो काढन्यात. हनवटी वर, खांदे सरल, हसू नका. ते दुकानात. हितं न्हाय."

"पण चेहरा आमचा आहे ना?"

"तुमचाच हाय. मी कुठं खाल्ला?"

एकदा एका तगड्या माणसाने जिन्यावरच त्यांची कॉलर धरली. "बायकांचे फोटो काढतो काय रे?" माणसं जमली, कुणीतरी हात उगारला. मी वरून उतरत होते, ती जागीच थांबले. काशीदादांनी कॉलर सोडवली नाही. गळ्यातला कॅमेरा काढला आणि त्या माणसाच्या हातात दिला. "बगा. सगला बगा. वाईट दिसला तं फेकून द्या रुलांवर." तो माणूस एकेक फोटो बघत गेला. बघता बघता त्याचा हात सैल पडला. त्याची गाडी आली आणि गेली. शेवटी तो म्हणाला, "ह्यात मी कुठे नाय?" काशीदादा म्हणाले, "तुमी रोज आठला माज्या दुकानासमोरून येता, आज लवकर आलात. मी साडेसातला जातो." त्या माणसाने पुढे दोन दिवस लवकर येऊन स्वतःचा फोटो काढून घेतला म्हणे. काशीदादांना तो मुळीच आवडला नाही. "पोट आत घेतलाय त्याने," म्हणायचे.

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना एकदाच विचारलं. त्यांचे वडील मिठागरावर कामाला होते. "मानूस चालीस वर्सं रोज गेला, रोज आला," काशीदादा म्हणाले. "माज्या बापाचा एकच फोटो हाय, तो पन मेल्यावरचा. कामावर जाताना कसा दिसायचा, माज्या पोरांना मी सांगू शकत न्हाय." एवढं बोलून ते कातर घेऊन पुन्हा बसले.

मग तो शनिवार आला.

मी दुकानात बसले होते. संध्याकाळचे सहा वाजले असतील. एक माणूस आत आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, पायांत स्वच्छ बूट. फार अदबीने त्याने मोबाइल पुढे केला. "काका, हा फोटो तुमच्याच काचेतला ना?"

होता. काचेचा फोटो कुणीतरी मोबाइलवर काढला होता, 'आपल्या भाईंदरचे चेहरे' असं वर लिहून कुठल्या तरी ग्रुपवर टाकला होता, आणि तो फिरत फिरत दुसऱ्या जिल्ह्यात पोचला होता. मधल्या ओळीतल्या एका बाईवर त्याने बोट ठेवलं. मी तिला तोंडओळखीने ओळखत होते. माझ्याच गाडीची. फोटोत ती दातांत क्लिप धरून केस बांधत होती, आणि कशाला तरी हसत होती.

"माझी मिसेस आहे," तो म्हणाला. "तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मुलीला घेऊन निघून आली. दीड वर्ष शोधतोय, काका." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते पाणी. मला त्याची दया आली, हे मी लपवणार नाही.

काशीदादांनी त्याला पाणी दिलं. "पोरगी केवढी हाय?"

"पाच... सहाची असेल आता."

काशीदादा काचेजवळ गेले, त्या फोटोकडे बघत राहिले. जन्मभर लोकांचे चेहरे साफ करून देणारा माणूस तो. डाग, खड्डे, व्रण. मग म्हणाले, "जुना फोटो हाय हा. ती आता दिसत न्हाय हितं."

त्या माणसाने मोबाइलवर दोन बोटांनी फोटो मोठा केला. घाई नव्हती त्याला. "तारीख गेल्या महिन्याची आहे, काका. आणि वेळ पण तुम्हीच लिहिलीय. मागे घड्याळ पण दिसतंय." तो हसला. "तुमचे उपकार आहेत. सोमवारी बघतो मी." आणि दोघांना नमस्कार करून गेला.

काशीदादा पुन्हा काचेजवळ गेले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तिच्या भुवईवर टाके हायत, ताई. तीन. हनवटीखाली आनी एक. मी फोटो मोटा करून छापताना बगितले होते. म्हटला, पडली असंल."

त्याच क्षणी त्यांनी काच उघडली आणि एकेक फोटो काढायला लागले. मी मदतीला गेले, तर म्हणाले, "तुमी नको. मी लावलेत."

पण तिला कळवायचं कसं? नाव ठाऊक नाही, घर ठाऊक नाही. मी म्हटलं, तिचा फोटो घेऊन भाजीवाल्यांना विचारू, पोळीभाजी केंद्रात विचारू, कुणीतरी ओळखेल. काशीदादा माझ्यावर ओरडले. पहिल्यांदा आणि शेवटचं. "आनी किती जनांना दाखवू मी तिला?"

रविवार तसाच गेला. दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, मला जेवन जात न्हाय." माझंही तेच होतं. सासूबाईंना मी सगळं सांगितलं, वडापावासकट. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या मी तुझा डबा भरते. तू लवकर जा."

सोमवारी सव्वासहाला आम्ही स्टेशनावर होतो. ती पूर्वेकडून यायची, आणि तिकडून पुलावर यायला दोन जिने. एकाशी ते, एकाशी मी. सहा-चाळीसला तो आला. आज बरोबर आणखी एक माणूस होता. दोघे पुलावरून फलाटावर उतरले आणि बरोबर घड्याळाखाली, बायकांचा डबा लागतो तिथे उभे राहिले. काशीदादांनी फोनवर सांगितलं, "दोगं हायत." येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे मी बघत होते आणि बायका माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होत्या. सात वाजले. सात-पाच. मला वाटायला लागलं, तिचा चेहराच मी विसरलेय. फोटोतली हसणारी बाई मला आठवत होती. रोज फलाटावर उभी राहणारी आठवत नव्हती.

सात-आठला ती आली, माझ्याच जिन्याने. मी आडवी उभी राहिले. मनाशी जुळवलेलं सगळं विसरून म्हणाले, "वर जाऊ नका. तुमचा नवरा उभा आहे."

ती किंचाळली नाही. तू कोण, असंही तिने विचारलं नाही. "एकटा आहे?" एवढंच विचारलं. मी दोन बोटं दाखवली. तिने ओढणी डोक्यावरून घेतली आणि माझा दंड असा धरला, की दोन दिवस तिथे वळ होता.

दुकान पाच मिनिटांवर. मी फोन केल्यावर काशीदादा मागून आले, शटर अर्धं उचललं, आम्ही वाकून आत गेलो आणि त्यांनी ते जवळजवळ पूर्ण खाली ओढलं. तिने आधी शेजारणीला फोन लावला. "तिला आज शाळेत सोडू नका. दार उघडू नका. कोणीही आलं तरी." मग भिंतीला टेकून खाली बसली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. सुमन म्हणू.

काशीदादांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. टेबलावर उपडा ठेवलेला तो फोटो तिच्या पुढ्यात ठेवला. सुमनने तो उचलून बघितला. "मी हसतेय," म्हणाली, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलत होती. "त्याने ओळखलं नसेल मला अशी. नणंदेने ओळखलं असेल."

"पोरी, चूक माजी हाय," काशीदादा म्हणाले.

असू द्या, असं ती म्हणाली नाही. मला वाटतं, काशीदादांनाही ते ऐकायचं नव्हतं.

पोलीस ठाण्यात जायचं ठरलं. मी शटर वर करायला वाकले तोच काशीदादांनी माझा हात धरला. खालच्या फटीतून स्वच्छ बूट दिसत होते. त्यांनी सुमनला आणि मला पांढऱ्या पडद्यामागे ढकललं. पासपोर्ट फोटोसाठी पाठीमागे असतो ना, तो पडदा. मग स्वतः शटर उघडलं. "या. लवकर आलात."

"ती आली नाही आज. बरोबरच्याला फलाटावर ठेवून आलोय," तोच अदबीचा आवाज. "काका, तुम्ही तिला काही बोललात का?"

"मला तिचा नाव पन ठावूक न्हाय."

"काचेतले फोटो काढलेत तुम्ही."

"साफ करायला काढलेत. धूल लय बसते." काशीदादा थांबले. "हरवल्याची तक्रार दिलीत का तुमी?"

"देणार आहे."

"मंग अर्जाला तिचा फोटो लागंल. तुमचा पन लागंल. बसा, दोन्ही देतो. पाच मिनटात."

तो कुरकुरला असावा. पण काळजीत पडलेल्या नवऱ्याचं सोंग घेतल्यावर त्याला नाही म्हणता येईना. स्टूल सरकल्याचा आवाज आला. पडद्याच्या या बाजूला आम्ही दोघी, आणि त्याची पाठ आमच्यापासून हातभर अंतरावर. त्याच्या तेलाचा वास येत होता. सुमनने डोळे मिटले होते, आणि तिचा श्वास चालू आहे की नाही हे मला कळत नव्हतं. पडदा हलू नये म्हणून मी पोट आत ओढून उभी होते.

"हनवटी वर," काशीदादा म्हणाले. "खांदे सरल. हलू नका. मागं बगू नका, पडद्यावर सावली पडते."

मागे बघू नका, हे ते तीनदा म्हणाले. आवाज रोजच्यासारखाच होता.

फोटो निघाला, मशीन घरघरलं, कातर चालली. तिचा फोटो मात्र काशीदादांनी त्याला दिला नाही. "निगेटिव घरी हाय, उद्या या." त्यांच्या कॅमेऱ्यातून निगेटिव्ह जाऊन किती वर्षं झाली, हे त्याला ठाऊक नसावं. तो गेला. बूट वळणावर दिसेनासे झाल्यावर काशीदादांनी शटर पाडलं आणि तिथेच खाली बसले.

त्याच्या फोटोच्या दोन प्रती त्यांनी ठेवून घेतल्या होत्या. सुमनने एक हातात घेतली. नीट भांग, शांत डोळे. "हा असाच दिसतो सगळ्यांना," ती म्हणाली.

पोलीस ठाण्यात एक बाई अंमलदार होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुमनच्या जुन्या दवाखान्याच्या कागदांवर नजर टाकली, तिच्या अर्जाला त्याचा फोटो लावला आणि दुसऱ्या दिवशी त्याला ठाण्यात आणवलं. 'उद्या या' म्हटल्याप्रमाणे तो दुकानात आला होता. तिथूनच त्याला नेलं. कागदोपत्री समज, मग न्यायालयात प्रकरण. वर्षभराने सुमनला फारकत मिळाली. त्यातले सुरुवातीचे तीन आठवडे ती आणि मुलगी मुर्ध्याला काशीदादांच्या घरी होत्या. त्यांच्या बायकोने, काकूंनी, गावात सांगितलं, माहेरची भाची हाय. मग एक दिवस त्या दोघी गेल्या. कुठे, ते काशीदादांनी विचारलं नाही आणि मलाही विचारू दिलं नाही.

काच रिकामीच राहिली. महिनाभर ते फलाटावर आले नाहीत. आले तेव्हा गळ्यात कॅमेरा नव्हता, हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत पाकिटं. प्रत्येक पाकिटावर पेनने वेळ लिहिलेली. सात-सतराच्या माणसांना थांबवून ते ज्याचा फोटो त्याला देत होते. "मी न विचारता काढला होता. हा तुमचा." कुणी हसलं, कुणी खुश होऊन घरी फोन लावला. एका मुलीने तिथल्या तिथे फाडला आणि तुकडे त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते खिशात ठेवले. काही पाकिटं राहिली. त्या माणसांच्या बदल्या झाल्या होत्या, काही निवृत्त झाले होते, एक वारला होता. त्याच्या घरी ते पत्ता काढत गेले, तेव्हा मी बरोबर होते. त्याच्या मुलाने फोटो घेतला आणि दारातच उभा राहून बघत बसला. आम्हाला आत बोलवायचं विसरला.

पुढे ते पुन्हा फोटो काढायला लागले, पण विचारून. बहुतेक जण नको म्हणायचे. मी चिडवलं, "आता चेहरे बंद होतात का?" ते म्हणाले, "होतात ना. होऊ दे." आणि मग थोड्या वेळाने, "पन कोनी कोनी हो बोलल्यावर जो उघडतो, ताई, तसा मी आधी बगितलाच नव्हता."

गेल्या पावसाळ्यात काशीदादा गेले, झोपेतच. मी तेव्हा बहिणीकडे होते. अंत्यदर्शन झालं नाही, आणि ते एका परीने बरंच झालं. मला आठवतात ते त्याच्या चार-पाच महिने आधीचे.

रविवारची सकाळ होती. मी पूल उतरत होते आणि ते काकूंबरोबर फलाटावर उभे होते. नवा शर्ट, कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला. काकूंच्या हातात सुक्या बोंबलांचा वास येणारी एक मोठी पिशवी आणि चकचकीत कागदात गुंडाळलेलं खोकं, लहान मुलीला द्यावं तसं. मी हाक मारली. "कुठे निघालात दोघं?"

"लांब," काशीदादा म्हणाले. "फोन आला होता. फोटो काढायला बोलावलाय."

कुणाचा फोन, हे मी विचारणारच होते. काकूंनी डोळ्यांनीच मला थांबवलं.

गाडी आली. काकू चढल्या. काशीदादा दाराच्या दांडीला हात लावून थांबले, मागे वळले, आणि फलाटावरच्या एकेका माणसाकडे बघत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घाई न करता. गाडीचा भोंगा वाजला तरी त्यांचं बघून झालं नव्हतं. आपल्या मागे कुणी नाही याची खात्री पटल्यावरच ते आत चढले.